मैदानावर थांबणारा माणूस

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



मुलांचं शिक्षण आणि त्यांचं मन, या विषयावर नागपूरच्या अनुभवातून बोला, असं मंडळाने कळवलं. नागपुरात शाळा-कॉलेजं पुष्कळ आहेत, शिकवणी वर्ग तर त्याहून जास्त. तरी मी आज बोलणार आहे एका मैदानाबद्दल, कारण मुलं कशी सावरतात, कशी शिकतात, हे मला तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसलं.

तुमच्यापैकी अनेकांनी नागराज मंजुळे यांचा 2022 चा ‘झुंड’ पाहिला असेल. त्यात अमिताभ बच्चन यांनी साकारलेला शिक्षक ज्यांच्यावर बेतला आहे ते विजय बारसे सर हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतले पोट्टे भर पावसात एक तुटकी बादली लाथाडत खेळताना सरांना दिसले. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. मग झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली, तर 128 संघ उतरले! एका शहरातल्या वस्त्यांमधून एवढे संघ निघतात याचा अर्थ असा की खेळायची भूक आधीपासून होती. विचारणारं कोणी नव्हतं.

चेंडू देणं ही एका दुपारची गोष्ट. पुढची वीसेक वर्षं मला त्याहून मोलाची वाटतात. क्रीडा विकास संस्था उभी राहिली, कामाला ‘स्लम सॉकर’ हे नाव मिळालं. निवृत्तीचे पैसे सरांनी शहराबाहेर बोखाऱ्याकडे जमीन घेण्यात घातले. अमेरिकेत असलेला त्यांचा मुलगा अभिजीत नागपूरला परतला आणि या कामात उतरला. खेळातून गणित, इंग्रजी, आरोग्य शिकवणारा ‘एज्युकिक’, मुलींसाठी ‘शक्ती गर्ल्स’, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ‘डेफ किक’ असे उपक्रम सुरू झाले. 2016 साली फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार या संस्थेला मिळाला.

होमलेस वर्ल्ड कप नावाची एक स्पर्धा आहे, बेघर आणि वंचित माणसांसाठीची. ती 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. छोट्या मैदानावर चार-चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. तिचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. कोणताही खेळाडू तिच्यात आयुष्यात एकदाच खेळू शकतो. तिथून परतल्यावर त्याला दुसरं काहीतरी उभं करावंच लागतं. 2010 साली रिओ द जानेरोला भारताचा कप्तान होता नागपूरचा अखिलेश पॉल. लहानपणी आपण कोणत्या वाटेला लागलो होतो, हे 2014 साली ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात त्याने सगळ्या देशासमोर सांगितलं. तो पुढे प्रशिक्षक झाला. वस्तीतल्या मुलाला शिकवायला त्याच वस्त्यांमधून वर आलेला तरुण उभा राहतो, हे मला विश्वचषकापेक्षा मोठं वाटतं.

आता तुमच्या मनात येईल की फुटबॉल दिला की मुलं सुधारतात. हे खरं असतं तर काम किती सोपं झालं असतं! पण संशोधन तसं म्हणत नाही.

युगांडामध्ये गुलू नावाचं शहर आहे. यादवी युद्धाने होरपळलेला तो भाग. तिथल्या किशोरवयीन मुलांसाठी अकरा आठवड्यांची फुटबॉल लीग भरवली गेली. मुलग्यांपैकी कोणाला खेळायला मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं, म्हणजे खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलग्यांची तुलना चोख करता यावी. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलींच्या मनःस्थितीत फरक आढळला नाही. मुलग्यांमध्ये उदासी आणि चिंतेची लक्षणं, न खेळलेल्यांच्या तुलनेत, उलट वाढलेली दिसली. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा वाचला. चढाओढीच्या सामन्यांत कोणीतरी हरतंच. आधीच खचलेल्या मुलाला हरल्यावर जवळ घेणारं माणूस नसेल, तर खेळ त्याला आणखी एकदा सांगतो की तू कमी पडलास. हा शेवटचा अर्थ माझा, संशोधकांचा नव्हे. पण मैदानावर मी जे पाहत आले त्याच्याशी तो जुळतो.

याच्या शेजारी मुंबईचं एक काम ठेवते. गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीत ‘परिवर्तन’ या उपक्रमात किशोरवयीन मुलींना कबड्डी शिकवली गेली. खेळाबरोबर स्वतःबद्दल, घरातल्या वागणुकीबद्दल, आपल्या हक्काबद्दल बोलणं होई. शिकवणाऱ्या तरुणी त्याच वस्तीतल्या. मुलगी चारचौघांत खेळणार म्हटल्यावर घरच्यांची नाराजी आधी आली. ती काढायला त्या तरुणींना दारोदार जाऊन आयांशी, बापांशी बोलावं लागलं. त्यानंतर मुली घराबाहेर पडू लागल्या, स्वतःचं म्हणणं मांडू लागल्या. कबड्डीला ना बूट लागतात ना चेंडू. तिथे लागली ती ओळखीची ताई, आणि तिने दाराशी घालवलेला वेळ.

शिकण्याचंही तसंच आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास 2025 साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापला. ही मुलं भाजीचा हिशेब तोंडी, झटक्यात करतात. तेच गणित पुस्तकी रूपात कागदावर आलं की अडतात. शाळेत शिकणारी मुलं नेमकी उलट, पुस्तकातलं जमतं आणि बाजारातलं अडतं. मैदानावर गोल मोजणाऱ्या पोट्ट्याला वहीतली वजाबाकी आपोआप येत नाही. मैदान आणि वही यांच्यामध्ये कोणीतरी बसावं लागतं, तुला हे येतंच आहे, फक्त असं लिहायचं, एवढं सांगायला. ‘एज्युकिक’सारख्या प्रयत्नाचं मोल मला तिथे दिसतं.

मंडळी, इथवर मी वस्तीतल्या मुलांबद्दल बोलले. तुमच्या भाच्या-पुतण्यांबद्दल न बोलता गेले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दहावीनंतर आपल्याकडे कितीतरी मुलं नावापुरती ज्युनिअर कॉलेजात असतात आणि दिवसभर नीट किंवा जेईईच्या क्लासमध्ये. संध्याकाळ अशी त्यांना उरतच नाही. सकाळी नऊला आत गेलेली मुलगी दिवेलागणीनंतर बाहेर येते, आणि घरी पोचल्यावर पहिला प्रश्न असतो, टेस्टमध्ये किती पडले? 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवलं, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. एकेका मृत्यूमागे अनेक कारणं असतात आणि सगळं खापर परीक्षेवर फोडणं बरोबर नाही. पण बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7 टक्के मुलांत मानसिक आजार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार मुलं. त्या चौघांची नावं शिक्षकाला ठाऊक असतात का?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की या वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी अंगमेहनतीची हालचाल करावी. जगात 11 ते 17 वयाच्या पाचांपैकी चार मुलांची तेवढी होत नाही. झोपडपट्टीतल्या मुलाला मैदान मिळत नाही आणि सोसायटीतल्या मुलाला मैदानावर जायला वेळ मिळत नाही. दोघांना एकाच गोष्टीची तूट आहे, आणि सोसायटीतल्या मुलाची तूट तर आपण फी भरून विकत घेतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे शनिवार-रविवार सकाळी मुलांना सॉकरला नेणारे आईबाप मी इथे आल्यापासून पाहते आहे. चांगलं आहे ते. एवढीच विनंती, की परत येताना गाडीत किती गोल झाले हे विचारायच्या आधी कोणाबरोबर खेळलास हे विचारा. गुलूच्या मुलग्यांचं जे झालं ते सुखवस्तू घरांतही होऊ शकतं.

आता माझं खरं मागणं. गावाकडच्या शाळेला तुम्ही मदत पाठवता, मनापासून पाठवता. संगणक, बाकं, आता स्मार्ट बोर्ड. वस्तू दिली की तिचा फोटो येतो, पाटी लागते. माणसाच्या पगाराला पाटी लावता येत नाही, म्हणून तो कोणी देत नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सुमारे दोन तृतीयांश शाळांच्या आवारात मैदान आढळलं. म्हणजे बऱ्याच ठिकाणी जमीन आहे. तिथे रोज संध्याकाळी हजर राहणारा, मुलांची नावं जाणणारा, पोरगं दोन दिवस आलं नाही तर घरी जाऊन चौकशी करणारा, आणि मन फार बिघडलेलं दिसलं तर डॉक्टरकडे कधी न्यायचं हे शिकलेला तरुण किंवा तरुणी नाही.

तुमच्या मंडळाने विदर्भातली एक शाळा किंवा वस्ती निवडावी आणि तिथल्या एका प्रशिक्षकाचा पगार निदान पाच वर्षांसाठी उचलावा. एका वर्षासाठी देऊ नका. वर्षभराने निघून जाणारं माणूस मुलांनी पुष्कळ पाहिलेलं असतं. मुलग्यांबरोबर मुलींचीही वेळ ठरवून घ्या, नाहीतर मैदान मुलग्यांचंच होतं. आणि मदतीतला थोडा हिस्सा नोंदी ठेवायला, निकाल तपासायला राखून ठेवा. काम फसत असेल तर तेही कळलं पाहिजे. गुलूच्या अभ्यासकांनी नको असलेला निकाल छापला, म्हणून आज आपल्याला काही शिकता आलं.

शाळा कशी निवडायची, प्रशिक्षक कसा तयार करायचा, हे ठरवायला मी नागपुरात तुमच्यासाठी वेळ देईन. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.