मन आवरण्याचे पांच उपाय

मन चंचल आहे, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. तें आवरावें कसें, हाच खरा प्रश्न आहे. माझें आयुष्य शाळेंत गेलें. छडी टेबलावर आपटली कीं वर्ग गप्प होतो, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतें. पण गप्प बसलेल्या मुलाच्या मनांत काय चाललें आहे, तें छडीस कळत नाहीं. आपण आपल्या मनाशींही पुष्कळदां असेंच वागतों. वाईट विचार आला कीं त्याच्यावर धांवून जातों, आणि तो क्षणभर दबला म्हणजे मनोनिग्रह साधला असें समजतों. भगवान बुद्धांनीं या बाबतींत निराळा क्रम सांगितला आहे. तो आज आपणांपुढें थोडक्यांत मांडतों.

बौद्ध साधनेची पहिली पायरी शील ही होय. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याचा निश्चय म्हणजे पंचशील. दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धम्मदीक्षा घेतली. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील लक्षावधि घरांत हें पंचशील म्हटलें जाऊं लागलें. शीलानें हात आणि जीभ आवरतात. परंतु हात उगारला नाहीं आणि तोंडानें शिवी दिली नाहीं, तरी आंत द्वेष धुमसत राहूं शकतो. त्याचें काय करावें?

याचें उत्तर मज्झिमनिकाय या पाली ग्रंथाच्या एकोणिसाव्या व विसाव्या सुत्तांत मिळतें. दोन्ही उपदेश श्रावस्तीजवळच्या जेतवन विहारांत झाले. श्रावस्तीचे हे अवशेष आज उत्तर प्रदेशांत सहेट-महेट येथें पाहावयास मिळतात.

पहिल्या सुत्तांत बुद्ध सांगतात कीं, बोधि प्राप्त होण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या विचारांचे दोन भाग पाडले. वासना, द्वेष व हिंसा यांचे विचार एकीकडे, आणि त्याग, अद्वेष व अहिंसा यांचे दुसरीकडे. मनुष्य ज्या विचारांत वारंवार रमतो, तिकडे त्याच्या मनाचा कल होतो, असें त्यांस आढळून आलें. येथें त्यांनीं गुराख्याचा दृष्टांत दिला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस शेतें पिकांनीं भरलेलीं असतात, तेव्हां गुराखी काठी घेऊन गुरें अडवितो. तीं पिकांत शिरलीं तर दंड त्याला भोगावा लागतो. पुढें पीक गांवांत येऊन पडलें म्हणजे तो झाडाखालीं बसून गुरांवर नुसतें ध्यान ठेवतो. वाईट विचारांस अडविण्यास काठी हवी; चांगल्या विचारांच्या बाबतींत नुसती जागृति पुरे.

दुसऱ्या सुत्तांत वाईट विचार घालविण्याचे पांच उपाय क्रमानें सांगितले आहेत. आपल्याकडील एक उदाहरण घेऊं. बांधावरून दोघां भावांत बोलाचाली झाली. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर धाकट्यास थोरल्याचे शब्द पुन्हां पुन्हां ऐकूं येतात, आणि उद्यां काय सुनवावें याची जुळवाजुळव सुरू होते.

पहिला उपाय असा कीं, सुतार जशी बारीक मेख ठोकून जाड मेख बाहेर काढतो, तसा चांगला विचार आणून वाईट विचार हुसकावा. याच दादानें आपल्या आजारपणांत रात्री जागून काढल्या होत्या, हें धाकट्यानें आठवावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर दुसरा उपाय म्हणजे त्या विचाराचें अनिष्ट फळ पाहणें. नटून बसलेल्या तरुणाच्या गळ्यांत मेलेला साप अडकविला तर त्याला जशी किळस येईल, तशी त्या विचाराची किळस यावी. झोप गेलीच, उद्यां मुलें काकांशीं बोलेनाशीं होतील. तिसरा उपाय म्हणजे नको तें दिसूं लागल्यास आपण डोळे मिटतों, तसें तिकडे लक्षच न देणें. चौथा उपाय विचाराचा वेग उतरविण्याचा आहे. भरभर चालणारा मनुष्य ‘मी धांवतों कां?’ असें स्वतःस विचारून हळू चालूं लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, शेवटीं आडवा होतो. धाकट्यानेंही विचारावें, हा राग वीतभर जमिनीचा कीं चारचौघांत झालेल्या अपमानाचा?

या चारही उपायांनीं काम न झालें, तरच पांचवा. दांतांवर दांत दाबून, जीभ टाळूस लावून, बलवान् पुरुषानें दुबळ्यास धरावें तसें मनानें मनास दाबून धरावें.

श्रोतेहो, हा पांचवा उपाय बुद्धांस नवा नव्हता. महासच्चक सुत्तांत त्यांनींच सांगितलें आहे कीं, बोधि मिळण्यापूर्वींच्या कठोर तपश्चर्येंत आपण असेंच दांत आवळून मन दडपलें, कांखांतून घामाच्या धारा वाहिल्या, देह अशांत झाला. पण इष्ट ज्ञान हातीं आलें नाहीं. पुढें भिक्षूंस शिकवितांना त्यांनीं तो उपाय टाकून दिला नाहीं. त्यास शेवटची जागा दिली. आधीं समजूत, मग विचार, मग उपेक्षा, मग शोध, आणि अगदींच निरुपाय झाल्यास बळ, असा हा क्रम आहे. आपण आरंभच बळापासून करतों, आणि तें थकलें म्हणजे मन आवरणें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे असें म्हणतों.

ज्या घरांत भाऊ भावाशीं बोलत नाहीं, तेथें भांडण बहुधा एकाच दिवसाचें असतें. अबोला मात्र रोज रात्रीं मनांत पोसला जातो. तो तेथेंच सोडवावा लागतो. आज रात्रीं तसा एखादा विचार आला, तर त्याच्याशीं झुंज न घेतां पहिल्या उपायापासून आरंभ करून पाहावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.