वासरांचा लपलेला न्यूमोनिया आणि सोनोग्राफी

(जोतिबा, वाडी रत्नागिरी परिसरातील पशुपालकांसाठी दिलेले व्याख्यान)



जोतिबाचा डोंगर म्हणजे वारा, धुके आणि चार महिने पाऊस. अशा दिवसांत ओल्या, कोंदट गोठ्यात बांधलेल्या वासराला किंवा रेडकाला न्यूमोनिया चटकन गाठतो. पुष्कळदा तो लपून राहतो. वासरू दूध पिते, खोकत नाही, पण आत फुफ्फुस बिघडत असते. खोकला आणि धाप दिसेपर्यंत उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. वाचलेली कालवडही वाढीत मागे पडते.

हा लपलेला आजार सोनोग्राफीने पाहता येतो. गाभण तपासणीसाठी पशुवैद्यक जो प्रोब वापरतात, तोच वासराच्या छातीवर चालतो. केस स्पिरिटने ओले करून दोन बरगड्यांमधील जागेत प्रोब वरून खाली सरकवतात. दोन्ही बाजू काही मिनिटांत तपासून होतात. भूल लागत नाही, क्ष-किरणांचा धोका नाही.

निरोगी फुफ्फुसातील हवा ध्वनिलहरी परत फेकते. त्यामुळे पडद्यावर एक पांढरी रेघ श्वासाबरोबर सरकताना दिसते. हवेच्या जागी पू व स्राव भरला की तो भाग यकृतासारखा करडा, भरीव दिसतो. छातीत पाणी झाले असल्यास ते काळे दिसते. स्टेथोस्कोपने न कळणारा बिघाडही असा सापडतो. माणसांच्या अतिदक्षता विभागातही फुफ्फुसाची सोनोग्राफी करतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी वासरांसाठी या पद्धतीवर बरेच काम केले आहे.

मात्र जंतू कोणता, हे सोनोग्राफी सांगत नाही. खोलवरचा बिघाड वरच्या हवेमुळे झाकला जातो. म्हणून औषध कोणते व किती दिवस द्यायचे, हे पशुवैद्यकानेच ठरवावे. वासरू हुशार दिसले म्हणून औषध मध्येच थांबवू नये.

ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. आधी चौकशी करावी. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरी मात्र पुढील काळजी घ्यावी :

१) जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा.

२) खाली उसाचे कोरडे पाचट अंथरावे; भिजले की बदलावे.

३) वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावावे, पण वरची हवा मोकळी ठेवावी. मुताचा वास डोळ्यांना झोंबत असेल, तर तो फुफ्फुसालाही झोंबतो.

४) डास-माश्यांसाठी वासरांजवळ धूर करू नये.

५) मान वर ओढून औषध ढोसू नये, ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

६) ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा सावलीत स्वस्थ बसलेल्या वासराचा श्वास मिनिटाला ४० पेक्षा जास्त चालला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे.

गोकुळ किंवा वारणा संघाला उद्या जाणारे दूध आजच्या कालवडीतूनच येणार आहे. तिच्या खोकल्याची वाट पाहू नका.