परदेशातील विद्या आणि घरचे तळे

(उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



मुलगा संगणकशास्त्र शिकण्यासाठी परदेशी निघाला, तर घरात कोणी 'कशासाठी?' असे विचारीत नाही. मुलीने 'शाश्वत विकास' हा विषय निवडला, की आजोबांपासून मामांपर्यंत सारेजण विचारतात, "हे शिकून पुढे करणार काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे शैक्षणिक कर्ज असते, प्रसंगी तारण ठेवलेले घर असते, दोन वर्षांचा दुरावा असतो. म्हणूनच त्याचे उत्तर मोघम असून चालणार नाही.

प्रथम विषयाचे नाव. 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर रूढ झाला तो १९८७ साली, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुन्टलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अहवालामुळे. आजच्या गरजा भागवाव्यात, परंतु पुढील पिढ्यांची आपापल्या गरजा भागविण्याची क्षमता हिरावून घेऊ नये, हे त्याचे सार. मात्र या विचाराच्या जडणघडणीत भारताचा वाटा त्याआधीचा आहे. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. यजमान पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी. दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाची चर्चा करता येणार नाही, ही भूमिका त्यांनी श्रीमंत राष्ट्रांसमोर ठामपणे मांडली. तेव्हा या विषयाच्या वर्गात बसणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने संकोचाने मागच्या बाकावर बसण्याचे कारण नाही.

आता त्या वर्गाकडे वळू. स्वीडनच्या दक्षिण टोकाला लुंड नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ १६६६ साली स्थापन झालेले. पर्यावरण आणि शाश्वततेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे १९९७ पासून इंग्रजीतून चालतो. निरनिराळ्या खंडांतून, निरनिराळ्या विद्याशाखांतून आलेले विद्यार्थी एका वर्गात बसतात. अभियंत्याला समाजशास्त्र वाचावे लागते आणि समाजशास्त्राच्या पदवीधराला कार्बनचे चक्र समजून घ्यावे लागते. डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सात तास. घरची आठवण, हाताने रांधलेले जेवण आणि वाचनाचा डोंगर यांत पहिला हिवाळा सरतो.

पण तेथे शिकण्यासारखे नेमके काय आहे? एका तळ्याची हकीकत त्याचे उत्तर देते.

लुंडच्या ईशान्येला वेक्ख्यो हे गाव आहे. गावालगत ट्रुमेन नावाचे तळे आहे. क्षेत्रफळ सुमारे १ चौरस किलोमीटर. गावाचे सांडपाणी आणि जवसाच्या धाग्याच्या गिरणीचे पाणी वर्षानुवर्षे त्यात सोडले गेले. उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाचा थर येई, हिवाळ्यात बर्फाखाली मासे मरत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी दुसरीकडे वळविण्यात आले. आता तळे आपोआप सुधारेल, असे सर्वांना वाटले. सुमारे दहा वर्षे गेली, तरी तळे सुधारले नाही.

तेव्हा लुंड विद्यापीठाचे सरोवरशास्त्रज्ञ स्वेन ब्यर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळाचा गाळ तपासला. उत्तर तेथेच होते. सांडपाण्याच्या काळात साचलेल्या काळ्या थरातून फॉस्फरस सतत पाण्यात उतरत होता. बाहेरून येणारी घाण थांबली होती, आतली थांबली नव्हती. मग १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत पंपांच्या साहाय्याने सुमारे एक मीटर जाडीचा गाळ शोषून काढण्यात आला. गाळाबरोबर आलेले पाणी प्रक्रिया करूनच तळ्यात परत सोडले आणि गाळाचा उपयोग बागांसाठी माती म्हणून झाला. पाण्यातील फॉस्फरस झपाट्याने घटला, तळे पुन्हा लोकांच्या वापरात आले. त्यानंतरही मोजमाप अनेक वर्षे चालूच राहिले. याच गावाच्या नगरपालिकेने पुढे १९९६ साली खनिज इंधनापासून मुक्त होण्याचा संकल्प केला.

या कथेतील यंत्रे विकत आणता येतात. शिकावी लागते ती रीत. आधी मोजावयाचे, मग कारण शोधावयाचे, त्यानंतर पैसा खर्च करावयाचा आणि खर्च झाल्यावर पुन्हा मोजावयाचे. कोल्हापूरचा रंकाळा असो की पुण्याचा पाषाण तलाव, जलपर्णी काढण्याचे काम पुन्हा पुन्हा हाती घ्यावे लागते. ते आवश्यकच आहे. परंतु येणारे सांडपाणी किती आणि गाळात साठलेले पोषणद्रव्य किती, हा हिशेब मांडल्याखेरीज जलपर्णी परत येणारच.

मात्र तेथील उपाय उचलून येथे आणून ठेवता येणार नाही. स्वीडनचे क्षेत्रफळ महाराष्ट्राहून मोठे, लोकसंख्या मात्र एक कोटीच्या आसपास. महाराष्ट्राची २०११च्या जनगणनेनुसार सव्वाअकरा कोटी. तेथे वर्षभर थोडाथोडा पाऊस, येथे चार महिन्यांत वर्षाचे पाणी आणि त्याबरोबर डोंगरउतारावरची माती. तेथील गाळाचा आकडा येथे लागू पडत नाही. गाळ तपासण्याची शिस्त लागू पडते.

परदेशाकडे भाबडेपणाने पाहणेही योग्य नव्हे. स्वीडनने १९९१ सालीच कार्बनवर कर बसविला, घरगुती कचऱ्याचा अगदी थोडा भाग तेथे जमिनीत पुरला जातो. हे कौतुकास्पद आहे. परंतु तेथील नागरिक जे कपडे, उपकरणे आणि अन्न वापरतात, त्यापायी होणाऱ्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग इतर देशांत होतो. कापड तेथे नेसले जाते, धूर दुसरीकडे निघतो. विशेष असे, की हा हिशेब खुद्द स्वीडनचे सांख्यिकी खातेच प्रसिद्ध करते. आपल्या उणिवेचाही आकडा उघडपणे मांडणे, हाही त्या शिक्षणाचाच भाग होय.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. २०११च्या शरद सत्रापर्यंत स्वीडनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क नव्हते. त्यानंतर युरोपबाहेरच्यांना ते भरावे लागते. म्हणून शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत करावेत आणि कर्जाचा हिशेब प्रवेशाआधीच कागदावर मांडावा. उपजीविकेचे म्हणाल, तर भारतात शेअर बाजारात नोंदलेल्या बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणीय आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे बंधनकारक झाले आहे. पाणी, ऊर्जा आणि कचरा मोजू शकणारी माणसे आता उद्योगांनाही हवी आहेत.

तथापि उपजीविकेपलीकडेही एक उत्तर आहे आणि ते पुण्याच्याच एका विद्यार्थ्याने देऊन ठेवले आहे. माधव गाडगीळ यांनी १९६९ साली हार्वर्ड विद्यापीठातून गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि १९७१ साली ते भारतात परतले. परतल्यावर त्यांनी वा. द. वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास हाती घेतला. ग्रामस्थांनी श्रद्धेने राखलेल्या या रायांची शास्त्रीय नोंद केली आणि त्यांचे मोल जगातील अभ्यासकांपुढे मांडले. हार्वर्डमध्ये देवराई नव्हती. तेथे मिळाली ती दृष्टी. देवराई येथेच होती, पिढ्यान् पिढ्या जपलेली.

विद्यार्थी मित्रांनो, जाताना सामानात मसाल्याच्या डब्याबरोबर एक प्रश्नही न्यावा. आपल्या गावचे तळे, नदी, विहिरींची पातळी, कचऱ्याचा डेपो यांपैकी एक निश्चित करावा आणि शक्य तर अंतिम प्रबंध त्यावरच लिहावा. ज्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न नसतो, तो दुसऱ्याची उत्तरे पाठ करून परत येतो.

आणि पालकांनो, मुले सुटीत घरी येतील, तेव्हा पगार किती मिळेल हे अवश्य विचारा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, "आपल्या तळ्यात काय साचले आहे, ते शोधता येईल का तुला?" या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले, तर कर्जाच्या हप्त्यांचे चीज झाले असे खुशाल समजा.