आधी लॉट तपासा

1 ऑगस्ट 2024 ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून पालक मला भेटले की एकच विचारतात, पोराला रायफल कुठली घेऊ? आज मी रायफलीवर बोलणार नाही. मी काडतुसाच्या लॉटवर बोलणार आहे.

ज्वारीचं नवं दळण आलं की भाकरी करणारं माणूस काय करतं? आधी एकच थापून बघतं. पिठाला विरी आहे का, कडा चिरतात का, पाणी कोमट पुरेल की कढत लागेल. दुकान तेच, ज्वारी तीच, तरी मागच्या पोत्यासारखं हे पोतं नसतं. शिवाय जे पीठ सासूबाईंच्या हाताखाली सुरेख थापलं जातं, तेच सुनेच्या हाताखाली मोडतं. त्यात दोष कुणाचाच नसतो. पीठ आणि हात जमावे लागतात.

काडतुसाचं तसंच आहे. कंपनी एक, किंमत एक, डबीचा रंग एक. पण लॉट नंबर वेगळा, म्हणजे दळण वेगळं. मॅच रायफलीचं चेंबर आखूड असतं. बोल्ट बंद केला की गोळीचा खांदा नळीतल्या आट्यांना टेकतो. पुंगळीत गोळी केसभर पुढे-मागे बसली की हे टेकणं बदलतं. अमेरिकेत मोठ्या बोअरची काडतुसं घरी भरणारे हौशी नेमबाज गोळी कमी-जास्त खोल बसवून काडतुसाची लांबी आपल्या नळीला जुळवून घेतात. आपल्या पॉइंट टू-टूला ती सोय नाही. त्या काडतुसाची पेटवणारी दारू पुंगळीच्या काठातच भरलेली असते, ती घरी भरता येत नाही. जुळवता येत नाही म्हणून निवडायचं. पुन्हा सांगतो, निवडायचं.

दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. गोळीचा वेग सेकंदाला 330 ऐवजी 320 मीटर झाला, तर 50 मीटरवर ती सुमारे 7 मिलिमीटर खाली लागते. पोरानं श्वास धरला, ट्रिगर अलगद ओढला, नेम जरासाच खाली होता, तरी नऊ! आणि मागून तुम्ही ओरडता, 'लक्ष कुठंय?' अहो, लक्ष जागेवर आहे. नवं दळण न बघता तुम्ही भाकऱ्यांची चळत मागताय.

परदेशातले नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातात. लापुआ या काडतूस कंपनीचं असं केंद्र जर्मनीत शोनेबेकला आहे. तिथं रायफल शिकंज्यात पक्की आवळतात, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि भोकांचा घोळका मोजतात. सर्वांत लहान घोळका देणारा लॉट घेतात. थापणारा हातच चक्कीवर नेला म्हणा ना. मित्राच्या नळीला चाललेला लॉट तुमच्या नळीला चालेलच असं नाही. हे मी दर वेळी सांगतो, आणि दर वेळी कुणीतरी मित्राची डबी घेऊन येतो.

घरच्या रेंजवरही हे जमतं. वारा नसलेली जागा, भक्कम टेकू, प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्यांचे दोन-तीन घोळके. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजू नका, नळीत आधीच्या गोळ्यांचं वंगण असतं.

एवढं मात्र ऐका. काडतुसं परदेशातून येतात, एकदा मागवली की परत पाठवता येत नाहीत. क्लबच्या सचिवांना माझी विनंती आहे: वर्षाचा साठा नोंदवण्याआधी पुरवठादाराकडून चार वेगवेगळ्या लॉटच्या दोन-दोन डब्या मागा, प्रत्येक मुलाच्या रायफलीतून झाडून बघा, आणि मगच पैसे भरा.