दाखल्यावरची सही



पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. तीस वर्षांहून जुनी इमारत मालकानं किंवा भोगवटादारानं तपासून घ्यावी, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ सांगतं. त्यासाठी महापालिकेकडे नोंद असलेलाच स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. वाड्यात माणसांनी राहायचं की बाहेर पडायचं, हे त्याच्या दाखल्यावरच्या सहीवर ठरतं.

पण ही नोंद त्या महापालिकेपुरती. अभियंत्यांना परवाना देणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. वकिलांसाठी १९६१चा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२चा. वास्तुविशारदांच्या परिषदेत नोंद नसताना आर्किटेक्ट म्हणवून घेणं गुन्हा ठरतो. इंजिनिअरची पाटी मात्र कुणीही लावावी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२०ची संस्था ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा दर्जा देते, पण तो ऐच्छिक.

याचं मूळ मला सरकारी नोकरीत दिसतं. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. सुरुवातीला त्यांनी नाशकातही काम केलं. हुद्दा खात्यानं दिला आणि जाबही खात्यानंच विचारायचा. धरणं, रस्ते, पूल सरकारच बांधत होतं, तोवर हे चाललं. आज सोसायट्या आणि टॉवर खासगी आहेत. तिथं जाब विचारणारं खातं कुठलं?

इतरत्र यावर कायदा झाला आहे. अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडनची शाळा १९३७ मध्ये गॅसच्या स्फोटात उद्ध्वस्त झाली, जवळपास तीनशे जीव गेले. त्याच वर्षी टेक्ससमध्ये अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा आला.

आपल्याकडून कॅनडाला गेलेल्या मुलांना आपली इंजिनिअरिंगची पदवी पुरत नाही. ओंटारियोत चार वर्षांचा अनुभव आणि कायदा व नीतीची परीक्षा झाल्यावरच ‘प्रोफेशनल इंजिनिअर’चा शिक्का मिळतो. आईवडिलांना हा अपमान वाटतो. मला वाटत नाही. निष्काळजीपणा केला तर तो शिक्का काढूनही घेता येतो, आणि हीच सोय आपल्याला हवी आहे. आपल्या संसदेनं अभियंत्यांच्या परवान्याचा कायदा आता करावा.

तोवर दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक महापालिकेत पडताळून घ्या. इंजिनिअरनं वाडा स्वतः फिरून पाहिला का, भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं तपासली का, हे मालकाबरोबर भाडेकरूंनीही विचारावं.