निंदण गेलं, हप्ता कसा भरायचा?

(गटांच्या मासिक सभेत केलेली मांडणी)



श्रावणात बचतीचे हप्ते थकले की आपण वहीत लाल शेरा मारतो. मागच्या महिन्यात मी एका ताईला कारण विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, निंदणाचं कामच नाही भेटलं. सगळ्या वावरात फवारा मारला." मी तो शेरा खोडला. आज त्यावरच बोलणार आहे.

2002 साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारा गुण त्या बियाण्यातच असतो. त्याने तण मरत नाही, म्हणून निंदण चालूच राहिलं. जिथे पीक चांगलं आलं, तिथे वेचणीचं कामही वाढलं.

गावात 'चोरबीटी' म्हणून येतं, ते वेगळं. त्यावर तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी जगते, तण मरतं. त्याला सरकारची मंजुरी नाही. पक्कं बिल मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? आणि जे निंदायला दहा बाया लागायच्या, ते एक माणूस पंप घेऊन उरकतो. ओळीतला मूग, बरबटीही त्या फवाऱ्यात जळते. म्हणजे मजुरी गेली, वरून घरची डाळही गेली.

शेतकरी ताईंना मी दोष देत नाही. पावसाची झड लागली की मजूर मिळत नाहीत, तण वाढत जातं. पण गटात दोघी एकाच सतरंजीवर बसतात. एकीचा वाचलेला खर्च म्हणजे दुसरीची बुडालेली मजुरी.

त्यात गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही, म्हणून कीटकनाशकाची फवारणीही सुटली नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले. फवाऱ्याचं पाणी आपण भरतो, ते कपडे आपणच धुतो. जपा.

आता तीन कामं करू या. जून ते सप्टेंबर निंदणाचे किती दिवस मिळाले, ते प्रत्येकीने वहीत लिहायचं. आकडा असला तर ग्रामसभेत बोलता येतं. वेचणीचा किलोमागे दर पहिल्या वेच्याआधी शेतकरी आणि मजूर ताईंनी एकत्र बसून ठरवायचा, काटाही तपासायचा. आणि पावसाळ्यातला थकलेला हप्ता वेचणीच्या महिन्यांत भरून घ्यायचा, दंड न लावता, असा ठराव घ्यायचा.

तुमच्या वहीतल्या लाल शेऱ्यामागे काय आहे, पुढच्या बैठकीत आधी ते विचारा. दंडाचं नंतर बघू.