शेकोटीगीतांचे एकल व युगल वादन



१९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. तेथेही रात्री शेकोटी पेटत असे. शेकोटीभोवती सर्वांनी गावे, हा बालवीरांचा जुना परिपाठ आहे. परंतु सातवी-आठवीतील मुलांचा आवाज फुटू लागला की ती संकोचाने गप्प बसतात. बुजरी मुले तर आधीच मागे सरकलेली असतात. अशा मुलाच्या हाती बासरी दिली, तर तो पुन्हा मेळ्यात येतो. शेकोटीगीतांच्या वादनाचे खरे महत्त्व यातच आहे.

आरंभासाठी ‘फ्रेर झाक’ हे जुने फ्रेंच गीत सोयीचे आहे. झोपी गेलेल्या मठवासी बंधूला सकाळच्या घंटेची आठवण देणारे हे गीत अनेक देशांतील मुलांना ठाऊक आहे. त्याच्या चालीत निषाद नाही. उरलेले सहाही स्वर शुद्ध असून मंद्र पंचम ते मध्य धैवत एवढाच तिचा विस्तार आहे. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली असता षड्ज व सहाही झाकली असता मंद्र पंचम निघतो. मध्य सप्तकातील पंचम-धैवतासाठी फुंक जोरकस हवी. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धेच झाकावे लागते. त्याचा सराव आधी करून घ्यावा.

एकल वादनापूर्वी मुलाकडून गीत म्हणवून घ्यावे. ओळ संपेल तेथेच त्याने श्वास घ्यावा. ताना-मुरक्या टाळाव्यात, ऐकणाराला शब्द आठवले पाहिजेत.

युगल वादनात पहिल्याने पहिला चरण दोनदा वाजविला की दुसऱ्याने आरंभापासून सुरुवात करावी. चालीची रचनाच अशी आहे की, मागेपुढे चालणारे चरण परस्परांत गोडीने मिसळतात. मुले येथे घाई करतात किंवा सोबत्याच्या चरणात वाहवत जातात. दुसऱ्याचे ऐकावे आणि आपले सोडू नये, हा धडा पाठ्यपुस्तकाहून येथे अधिक चांगला मिळतो.

दोन्ही बासऱ्या एकाच सुराच्या असाव्यात. उष्णतेने बांबू तडकतो आणि आतील हवा तापली की सूर चढतो. म्हणून वादकांना ज्वाळेपासून दूर बसवावे व षड्ज त्या जागीच जुळवून घ्यावा.

शेवटी तेच गीत सर्वांनी गावे व वादकांनी साथ करावी. जो मुलगा आवाजामुळे गप्प झाला होता, त्याच्याच सुरावर मग सारी शेकोटी गाऊ लागते.